आजी दादरला, नात कुर्ल्याला: एका चुकामुकीचा प्रकरण अभ्यास

मुलगी साडेआठ वर्षांची, तिसरीतली. राहायला परळला, एका जुन्या चाळीत. जानेवारीतला शनिवार, संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. आजीबरोबर ती डोंबिवलीला आत्याकडे हळदीकुंकवाला निघाली होती. परळहून स्लो, दादरला उतरून फास्ट. आजीच्या एका हातात नातीचं मनगट, दुसऱ्या हातात वाणाच्या स्टीलच्या वाट्यांची पिशवी. फास्ट लागली तसा फलाटावरचा सगळा लोंढा लेडीज डब्याच्या दाराशी दाटला. पिशवीचा बंद कुणाच्या तरी पर्सच्या साखळीत अडकला. तो सोडवायला आजीने हात हलवला आणि तेवढ्यात मनगट सुटलं. मुलगी गर्दीबरोबर आत ओढली गेली, आजी फलाटावर राहिली आणि गाडी सुटली.

पुढे साधारण तासाभराने दोघी भेटल्या. कुणाला खरचटलंही नाही. चाळीत दोन दिवस चर्चा होऊन विषय मिटला असता. पण आमचा गट सुट्टीत मुलांसाठी सुरक्षिततेच्या तालमी घेतो, आणि ही मुलगी त्यांना येणारी. चुकामूक झाली तर काय करायचं, याचा सराव तिने केलेला होता. त्यामुळे तो तास नंतर तिच्याशी, आजीशी आणि आई-वडिलांशी बोलून नीट लावून पाहता आला. सरावातलं काय टिकलं, काय गळलं, आणि गळलं ते कुणाच्या बाजूने? ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

आधी तालमींबद्दल. मुलांच्या सुरक्षिततेचे धडे बहुतेक ठिकाणी तक्त्यावर उरकले जातात. "अनोळखी माणसाशी बोलायचं?" "नाऽऽही." "त्याने दिलेला खाऊ घ्यायचा?" "नाऽऽही." सगळी मुलं एका सुरात. मग विचारावं, "दादरला हरवलास तर?" "पोलीसकाकांना सांगायचं." "आणि पोलीसकाका दिसलेच नाहीत तर?" इथे सूर तुटतो. मागच्या रांगेतला एखादा म्हणतो, "पण मग अनोळखी माणसाशी बोलावं लागेल ना!" बरोबर आहे त्याचं. हरवलेल्या मुलाच्या आसपास मुंबईत अनोळखीच माणसं असणार. त्यांच्याशी बोलायचं नाही हा नियम नेमक्या त्या वेळी मुलाला एकटं पाडतो. आणि मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीतलीच निघतात, म्हणजे तिथेही हा नियम कुचकामी. माझ्या मते घरांनी आणि शाळांनी हे वाक्य सरळ सोडून द्यावं. कुणाला हाक मारायची आणि हाक मारल्यावर कुणाबरोबर कुठे जायचं नाही, एवढं शिकवावं.

पण तेही तोंडी शिकवून भागत नाही. १९८१ साली अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या तीन मुलांवर झालेला एक छोटा अभ्यास या क्षेत्रात अजूनही सांगितला जातो. शाळेजवळ एक अनोळखी माणूस मुलाशी गप्पा मारतो आणि "माझ्याबरोबर येतोस का" म्हणतो. तो अभ्यास करणाऱ्यांनीच पाठवलेला, पण मुलाला ते ठाऊक नसतं. कधी नुसतंच विचारतो, कधी "तुझ्या बाईंनी परवानगी दिलीय" म्हणतो, कधी गाडीत काहीतरी गंमत असल्याचं सांगतो. मुलं सहज तयार झाली. मग त्यांना प्रसंग करून दाखवला, त्यांच्याकडून तोच पुन्हा पुन्हा करून घेतला, चुकलं तिथे लगेच सांगितलं. ठरलेलं उत्तर होतं: नको, आधी बाईंना विचारून येतो. आणि म्हणताक्षणी शाळेकडे पळायचं. सरावानंतर मुलं हे करू लागली. बंदुकीला हात न लावण्याबाबत पुढे तिकडेच झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलं. नियम घडाघडा म्हणणारी मुलं खऱ्या प्रसंगात नियम पाळतीलच असं नाही, त्याच जागी करून घेतलेला सराव मात्र कामी येतो.

त्या अभ्यासातली गुपचूप परीक्षा मात्र आपण उचलू नये, असं आमच्या गटाने ठरवलं. आईवडिलांची परवानगी असली तरी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. ती अफवा मोबाइलवरूनच फिरत होती. अशा मुलखात शाळेच्या फाटकाबाहेर खोटा पळवणारा उभा करणं हा जिवाशी खेळ आहे, त्याच्याही आणि वस्तीच्याही. शिवाय ज्या मुलाला मोठ्यांनी फसवून तपासलं, ते पुढच्या वेळी मोठ्यांवर भरवसा का ठेवील? म्हणून आमच्याकडे प्रसंग हुबेहूब असतो, पण नाटक आहे हे मुलांना आधीच ठाऊक असतं.

परळच्या मुलांना गर्दी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, तो पूल यांच्या रोजच्या वाटेवरचा. घरोघरी अजून ती सकाळ निघते. त्यामुळे हात छातीपुढे धरून चालणं, पडलेली चप्पल उचलायला न वाकणं, लोंढ्याच्या उलट न घुसता तिरकं सरकत कडेला येणं, हे मुलांनी मन लावून केलं. खरी अडचण आली लोकलच्या प्रसंगात.

पटांगणात फक्कीने डबा आखला. दाराची रुंदी खऱ्या दाराएवढी, मधला खांब म्हणून कपडे वाळत घालायची काठी धरून एक दादा उभा. आयांना सांगितलं, ऑफिस सुटल्यावर चढता तशा चढा. खऱ्या पर्स, खऱ्या पिशव्या, खरे कोपर. मोबाइलच्या स्पीकरवर फलाटाचा गोंगाट. पहिल्या फेरीतच लक्षात आलं की मुलांचा आवाजच फुटत नाही. एरवी चाळ डोक्यावर घेणारी मुलं शेजारच्या बाईच्या ओढणीला हात लावून "काकू..." एवढंच म्हणत, आणि ते "काकू" गोंगाटात विरून जाई. म्हणून एक वाक्य बसवलं: "माझी आजी दादरला राहिली, मला पुढच्या स्टेशनला उतरवा." कोण राहिलं, कुठे राहिलं, मला काय हवंय, तिन्ही त्यात आलं. हे एका बाईच्या कानात सांगायचं नाही, अख्ख्या डब्याला ऐकवायचं. सगळ्यांनी ऐकलं की सगळ्यांचं लक्ष राहतं, आणि एकटं कुणी मुलाला घेऊन जाऊ शकत नाही. त्याआधी अर्थात खांब धरायचा. सुटलेल्या गाडीच्या दाराकडे मूल धावलं तर बाकीचं सगळं शिकवणं वाया.

पुढच्या स्टेशनला उतरल्यावर डबा जिथे थांबला तिथेच उभं राहायचं. मोठं माणूस मागच्या गाडीने त्याच डब्यातून येतं. हा मुंबईच्या कितीतरी घरांत चालत आलेला नियम, आम्ही नवीन काही केलं नव्हतं.

तर त्या शनिवारी डब्यात काय झालं?

मुलीने खांब धरला. नंतर सांगताना म्हणाली, "पाय दाराकडे जात होते, पण हात सुटला नाही." पहिल्यांदा वाक्य म्हटलं ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. दारातली एक बाई ओरडली, "अगं, ही कुणाची पोर?" तेव्हा तिने दुसऱ्यांदा, तालमीतल्यासारखं बेंबीच्या देठापासून म्हटलं. मग लेडीज डबा जे करतो तेच त्याने केलं. "कुर्ला उतरणारी कोण आहे? हिला पुढे घ्या." "रडू नको गं, पाणी दे तिला कुणीतरी." दोघी-तिघींनी मोबाइल पुढे केले. "नंबर सांग आईचा."

इथे पहिली गळती. आईचा नंबर तिला पाठ होता, पण चालीवर. सहाव्या आकड्याशी आली आणि एका बाईने मध्येच विचारलं, "शून्य म्हणालीस का आठ?" चाल तुटली, नंबर गेला. पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा कुणीतरी मध्ये बोललं. तिसऱ्या खेपेला लागला. रिंग वाजत राहिली, कारण आई रुग्णालयात ड्युटीवर आणि फोन लॉकरमध्ये. वडिलांचा लावला, तर त्यांनी दोनदा कट केला. कर्ज हवंय का, कार्ड हवंय का विचारणाऱ्यांना वैतागून अनोळखी नंबर उचलायचाच नाही, हा त्यांचा नेम. लेकीला नंबर पाठ करायला लावणारे हेच दोघे.

आणि त्याच वेळी खरा पेच उभा राहिला. खिडकीजवळच्या एका बाईने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "डोंबिवलीलाच जायचंय ना हिला? मी रोज डोंबिवलीला उतरते. कुर्ल्याच्या गर्दीत कशाला उतरवताय लेकराला? मी सोडते आत्याच्या दारापर्यंत." डब्यातल्या बऱ्याच जणींना ते पटलं. ऐकायला शहाणपणाचंच आहे. त्या बाईच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. बहुधा ती खरंच भली असेल. पण मुलीला ते ओळखता येणं शक्य नाही, आणि तिला ओळखता यावं अशी अपेक्षाही कुणी करू नये. तिने मला खरं ते सांगितलं: "मला पण जावंसं वाटलं. त्यांच्याकडे चिक्की होती."

तरी ती म्हणाली, "नको. मी कुर्ल्यालाच उतरणार. आजी तिथे येणार आहे."

या उत्तरावर आम्ही बराच वेळ बोललो. त्या बाईची भीती वाटली म्हणून तिने नकार दिला नव्हता. आजी कुर्ल्याला येणार याची तिला खात्री होती. नकार द्यायला तिला जाण्याची दुसरी जागा होती. १९८१ च्या त्या मुलांनाही "नको" म्हटल्यावर पळायला शाळा दिलेली होती. नुसतं "नाही म्हण" शिकवलेल्या मुलाने नाही म्हटल्यावर जायचं कुठे?

कुर्ल्याला बायकांनी तिला अलगद पुढे सरकवत उतरवलं. कॉलेजची एक मुलगी तिच्याबरोबर उतरली आणि आपली गाडी सोडून थांबली. तिथे दुसरी गळती. कॉलेजची ताई म्हणत होती, "चल, स्टेशन मास्तरांकडे जाऊ." ही जागची हलेना. "डबा थांबला तिथेच थांबायचं" हे इतकं पक्कं बसलेलं की एक गाडी गेली, दुसरी गेली, तरी ही तिथेच. नियमाला शेवट दिलेला नव्हता. अखेर ताईने रेल्वेच्या १३९ क्रमांकावर फोन केला, तोवर फलाटावरची रेल्वे सुरक्षा दलाची एक महिला कर्मचारीही दिसली, ती येऊन या दोघींजवळ उभी राहिली.

आणि आजी? आजी दादरलाच होती.

तालमी झाल्या मुलांच्या. आजीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. नात पुढच्या स्टेशनला उतरून आपली वाट पाहील, हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी पोरीला उलट गाडीने परत आणून सोडेल. म्हणून तीही जागची हलली नाही. दोन स्टेशनांवर दोघी एकमेकींची वाट पाहत, दोघीही आपापल्या परीने शहाणपणाने वागत होत्या. मग फलाटावरच्या एका स्टॉलवाल्याने आजीला पोलिसांकडे नेलं. तिथे "कुठल्या फलाटावर?" या प्रश्नाला आजीने आयुष्यभराच्या सवयीचा जुना आकडा सांगितला. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांना एक ते चौदा असे सलग क्रमांक दिले गेले, आणि आजीचा आकडा आता पश्चिम रेल्वेच्या बाजूला लागतो. दादरला मुलीच्या नावाची घोषणा होत राहिली, मुलगी कुर्ल्याला.

आजीकडे मोबाइल होता. मुलीला आजीचा नंबर पाठ नव्हता. आईचा होता, वडिलांचा होता. पण शाळेनंतर, क्लासला, देवळात, गावाला ती जिच्याबरोबर जाते त्या बाईचा नाही. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट ही. आम्ही नंबर पाठ करून घेतले, तालमीत म्हणून घेतले, आणि कुणाचा नंबर हे विचारायचं राहून गेलं, कारण ‘आईबाबांचा नंबर’ हे सगळ्यांच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं.

गुंता सुटला तो आजीने आपल्या मुलाला, म्हणजे मुलीच्या वडिलांना, फोन केल्यावर. ओळखीचा नंबर, त्याने लगेच उचलला. मग त्याला आठवलं की मघाशी अनोळखी नंबर दोनदा कट केला होता. त्यावर उलटा फोन केला तर पलीकडे डब्यात फोन लावून देणारी बाई, एव्हाना ठाण्याच्या पुढे पोचलेली. तिने सांगितलं, कुर्ल्याला उतरवलंय. दादरच्या पोलिसांनी आजीला कुर्ल्याला थांबणाऱ्या फास्टमध्ये बसवून दिलं.

भेटल्यावर आजीने आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरलं. मुलीची आमच्याकडे तक्रार तीच: "मी सगळं बरोबर केलं, तरी धपाटा." आजीच्या जिवाचं पाणी झालं होतं, ते मला कळतं. पण पुढच्या वेळी काही बिनसलं तर ही सांगेल की लपवेल, ते या धपाट्यानेही ठरतं. आजीशी बोलताना मी हे सांगितलं. आजी म्हणाल्या, "मग काय ओवाळायला हवं होतं?" खरं तर हो.

डोंबिवलीच्या त्या बाईसारख्या भल्या माणसांसाठी एक गोष्ट. हरवलेलं मूल सापडलं तर आपल्या घरी नेऊ नये, आणि परस्पर नातेवाइकांकडे पोचवायलाही निघू नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे असं मूल सापडल्याची खबर चोवीस तासांच्या आत चाइल्डलाइन, पोलीस किंवा बाल कल्याण समितीला देणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला. ११२ वरही मदत मिळते. रेल्वेच्या हद्दीत १३९ सोयीचा. मुलांना हे आकडे पाठ करायला लावतात ते ठीक, पण लोकलमध्ये मुलाकडे फोन नसतो. हे आकडे खरे उपयोगाचे ते त्याला फोन देणाऱ्याला.

घरच्या कोडवर्डचंही सांगून टाकतो. मोबाइलवर आलेला कुठलासा व्हिडिओ पाहून आईने एक ठरवला होता: न्यायला येणाऱ्याने तो सांगितला तरच जायचं. त्या तासाभरात तो कुणालाच आठवला नाही. आजीला विचारलं तर, "कसला कोडवर्ड? मला कुणी सांगितलाच नाही." कोडवर्डला माझा विरोध नाही. पण जो महिन्यातून एकदाही वापरला जात नाही आणि घरातल्या निम्म्या माणसांना ठाऊक नाही, तो नसलेला बरा; उगाच भरवसा वाटत राहतो.

यानंतर तालमी बदलल्या. आता मूल ज्याच्याबरोबर बाहेर पडतं त्या माणसाला बरोबर घेऊनच प्रसंग होतो. फक्कीच्या डब्यातून मूल पुढे गेलं की आजी-आजोबांनी काय करायचं, याचाही सराव असतो. त्यात एक मेख निघाली. मूल फास्टमध्ये गेलं असेल तर मागून फास्टच धरायची, कारण कुर्ल्यासारख्या स्टेशनात स्लो वेगळ्या फलाटावर लागते. आणि सगळ्याच फास्ट कुर्ल्याला थांबत नाहीत, तेव्हा चढण्याआधी इंडिकेटर पाहायचा. हे आजोबा लोकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं, त्यांनीच सांगितलं. पहिल्याच दिवशी दोन आजोबांचं अंबरनाथ फास्टवरून वाजलं, पण नियम ठरला.

नंबर आता तुकड्यांनी पाठ करतात, तीन-तीन-चार. म्हणताना इतर मुलांनी मुद्दाम मध्ये बोलायचं. तोडलेल्या जागेपासून पुढे म्हणता आलं तर नंबर पाठ झाला असं धरतो. मुलं हा खेळ फारच आवडीने खेळतात, मध्ये बोलायला जरा जास्तच आवडीने. थांबण्यालाही शेवट दिला: दोन गाड्या येऊन गेल्या की गणवेशातल्या माणसाकडे किंवा फलाटावरच्या स्टॉलवर जायचं, आणि तेही बरोबरच्या माणसाला तसं सांगून. वडिलांनी अनोळखी नंबर उचलायला सुरुवात केली. निदान मुलगी घराबाहेर असेल तेव्हा तरी.

पाच वर्षांखालच्या मुलांना हे काहीच जमत नाही आणि जमवायचा आग्रहही धरत नाही. त्यांच्यासाठी फ्रॉकच्या किंवा शर्टाच्या आतल्या बाजूला एक कापडी पट्टी शिवायला सांगतो. तिच्यावर दोन फोन नंबर, त्यातला एक बरोबरच्या माणसाचा. मुलाचं नाव त्यावर लिहायचं नाही, बाहेरून दिसेल असं तर मुळीच नाही. नावाने हाक मारणारा माणूस मुलाला लगेच ओळखीचा वाटतो. चाळीतल्या एका काकूंकडे शिलाई मशीन आहे, त्या पट्ट्या शिवून देतात. मशीनच्या धुण्यात शाई उडते म्हणून नंबर आता मार्करऐवजी दोऱ्याने काढतात.